ज्यूंचा मायभूमीवरचा हक्क: देवाने दिलेला की ठरावाने?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इस्रायलवर ज्यूंचा हक्क आहे तो बायबलमुळे की संयुक्त राष्ट्रांच्या ठरावामुळे? धार्मिक ज्यू सगळे इस्रायलच्या बाजूचेच असतात ना? आणि आपल्या कोकणातल्या ज्यूंना इथे कुणी त्रास दिला नव्हता, मग ते तिकडे का गेले?"

पश्चिम आशियाचा इतिहास मी एकतीस वर्षं महाविद्यालयात शिकवला. यातला एखादा तरी प्रश्न आला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. उत्तराला सुरुवात मी दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण त्या वाक्याच्या शेवटच्या 'ना'मध्येच सगळी गफलत आहे. धार्मिक ज्यू म्हटला की तो ज्यू राष्ट्राचा कैवारी असणारच, असं आपण धरून चालतो. इतिहास नेमका उलटा सांगतो. ज्यूंचं राष्ट्र हवं ही चळवळ, म्हणजे झिओनवाद, ज्यांनी उभी केली त्यांतले बहुतेक जण धर्माचे नियम पाळत नव्हते, आणि त्यांना पहिला मोठा विरोध केला तो रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी. हे एकदा पक्कं बसलं की बाकीचा गुंता सुटायला लागतो.

आधी धर्मग्रंथ काय म्हणतो ते पाहू. उत्पत्तीच्या पुस्तकात, १५व्या अध्यायात, देव अब्राहामाशी करार करतो आणि मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंतचा देश त्याच्या वंशजांना देतो. हे वचन सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लेवीयच्या पुस्तकाकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. तिथे, २५व्या अध्यायात, देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. त्याच पुस्तकात १८व्या अध्यायात धमकीही आहे: तुम्ही ही भूमी भ्रष्ट केलीत तर तुमच्या आधीच्या लोकांना तिने ओकून टाकलं तसं ती तुम्हालाही ओकून टाकेल. म्हणजे कूळकायद्याच्या भाषेत बोलायचं तर मालक देव, आणि कूळ अटींवर राहणारं. पुढे इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने जेरुसलेमचं पहिलं मंदिर पाडलं आणि इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं, तेव्हा ज्यू धर्मगुरूंनी त्याचा अर्थ याच अटींवरून लावला. आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या भूमीतून हद्दपार झालो, हे वाक्य सणाच्या प्रार्थनेत आजही म्हटलं जातं.

त्या भूमीची ओढ कधीच तुटली नाही, हे तितकंच खरं. दिवसातून तीनदा जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना, लग्नात मंदिराच्या आठवणीने फोडलेला काचेचा पेला, वल्हांडणाच्या जेवणाअखेरीस 'पुढल्या वर्षी जेरुसलेममध्ये'. येमेन, पोलंड, मोरोक्को, कोकण, कुठेही जा, आठवण तीच. ही ओढ विसाव्या शतकात राजकारणासाठी बनवून घेतली असं म्हणणारे लोक आहेत. त्यांनी ज्यूंचं प्रार्थनेचं कुठलंही जुनं पुस्तक उघडून पाहावं.

ओढ असली तरी जायचं कधी आणि कुणी न्यायचं, इथे धर्माचं उत्तर वेगळं होतं. न्यायचं मसीहाने, म्हणजे देव पाठवील त्या तारणहाराने. तालमूद या ज्यू धर्मकायद्याच्या जुन्या ग्रंथात, केतुबोत या भागात, तीन शपथांचा उल्लेख आहे: ज्यूंनी एकजुटीने, बळाने त्या भूमीवर चढून जायचं नाही, इतर राष्ट्रांविरुद्ध बंड करायचं नाही, आणि इतर राष्ट्रांनी ज्यूंना अति छळायचं नाही. या शपथा कायद्याइतक्या बंधनकारक की नुसती कथा, यावर पंडितांत शतकानुशतकं वाद चालला. तेराव्या शतकातला स्पेनचा रब्बी नाखमानिदेस म्हणे की त्या भूमीत वस्ती करणं ही धर्माची आज्ञाच आहे, आणि १२६७ मध्ये म्हातारपणी तो स्वतः जेरुसलेमला जाऊन पोचला. त्याच्या आधीचा थोर ज्यू पंडित मायमोनिदेस याने मात्र आपल्या ६१३ आज्ञांच्या यादीत ही आज्ञा धरलेली नाही. घाई केल्याचा चटकाही बसलेला होता. १६६५ साली तुर्कस्तानातल्या साब्बाताई झ्वीने स्वतःला मसीहा म्हणवून घेतलं, युरोपभर ज्यूंनी घरंदारं विकायला काढली, आणि पुढल्याच वर्षी सुलतानासमोर उभं केल्यावर तो मुसलमान झाला. त्यानंतर 'आता निघू या' म्हणणाऱ्याकडे रब्बी संशयानेच पाहत.

या पार्श्वभूमीवर थिओडोर हर्झल येतो. बुडापेस्टमध्ये जन्मलेला, व्हिएन्नाच्या वर्तमानपत्राचा पॅरिसमधला बातमीदार, हिब्रू जेमतेम. ज्यूंचा प्रश्न हा धर्माचा प्रश्न नसून राष्ट्राचा प्रश्न आहे, हे त्याने १८९६ च्या पुस्तिकेत मांडलं. रशियात १८८१ पासून ज्यूंच्या कत्तली सुरू होत्या, फ्रान्ससारख्या सुधारलेल्या देशात ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेली होती. हर्झलचं म्हणणं असं, की आम्ही कितीही मिसळलो तरी तुम्ही आम्हाला मिसळू देत नाही. मग आम्हाला आमचा देश द्या. यात अब्राहामाचा करार नाही. इटलीने, ग्रीसने, सर्बियाने ज्या आधारावर राष्ट्र मागितलं तोच हा एकोणिसाव्या शतकातला युरोपी आधार.

पहिली झिओनवादी परिषद म्युनिकला भरायची होती. तिथल्या ज्यू समाजाने आणि जर्मन रब्बींनी इतका विरोध केला की ती स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला हलवावी लागली. ऑगस्ट १८९७. तिथल्या ठरावात 'राज्य' हा शब्दसुद्धा नाही; सार्वजनिक कायद्याने सुरक्षित असं पॅलेस्टाईनमधलं 'घर' एवढंच आहे. या परिषदेचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायल समाजालाही, म्हणजे आपल्या कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंनाही, आलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं. परत जायचं ते देवाच्या हाताने, असं त्यांचं म्हणणं. म्युनिकचे रब्बी आणि मुंबईचे आपले 'शनिवार तेली' (शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्रायलांना पडलेलं नाव) एकमेकांना ओळखत नव्हते, पण जुन्या श्रद्धेचं उत्तर दोन्हीकडे जवळजवळ एकच निघालं.

युगांडाचा प्रसंग तर मी वर्गात नेहमी अर्धा तास सांगत असे. १९०३ च्या एप्रिलमध्ये किशिनेव्हला ज्यूंची कत्तल झाली, ४९ माणसं मारली गेली. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेतला एक पठारी भाग वसाहतीसाठी देऊ केला; नाव पडलं युगांडा, पण तो भाग आजच्या केनियातला. हर्झलने तो प्रस्ताव सहाव्या परिषदेत ठेवला. तपासणीसाठी पथक पाठवायच्या बाजूने २९५ मतं पडली, विरोधात १७८. विरोध करून सभागृहाबाहेर पडणारे, जमिनीवर बसून रडणारे कोण? रशियातून आलेले, बहुतांशी धर्म न पाळणारे तरुण. आणि धार्मिक झिओनवाद्यांचा जो मिझ्राही पक्ष होता, त्यातल्या बहुतेकांनी हर्झलच्या बाजूने मत दिलं. त्यांचा हिशेब सरळ होता: तारण मसीहा आणेल, आपण तूर्त जीव वाचवू. नास्तिकाला जेरुसलेमच हवं आणि रब्बीला आफ्रिका चालते! हे ज्याला उमगलं त्याला झिओनवाद उमगला. निरीश्वरवादी तरुणांनी देव सोडला होता, पण देवाने दिलेल्या पत्त्याला ते घट्ट धरून होते.

ज्यूंमधले विरोधक आणखीही होते. अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी १८८५ मध्ये पिट्सबर्गला जाहीर केलं होतं की आम्ही राष्ट्र नसून धर्मसमाज आहोत आणि पॅलेस्टाईनला परतण्याची आमची अपेक्षा नाही. पूर्व युरोपातल्या ज्यू कामगारांची बुंड ही समाजवादी संघटनाही १८९७ चीच, आणि तिचं म्हणणं होतं की जिथे आहोत तिथेच हक्कासाठी लढायचं. मराठी वाचकाच्या ओळखीचं एक नावही यात आहे: एडविन माँटेग्यू. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे पाठ्यपुस्तकात भेटलेला भारतमंत्री. भारताला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्याने २० ऑगस्ट १९१७ रोजी केली, हे आपण पाठ केलेलं असतं. त्यानंतर तीनच दिवसांनी त्याने ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे एक टिपण ठेवलं. पॅलेस्टाईनला ज्यूंचं राष्ट्रीय घर म्हणणं हे ज्यूद्वेष्ट्यांच्या पथ्यावर पडेल, ज्यू हे राष्ट्र नाही, उद्या मला माझ्याच देशात परका ठरवतील, असं त्यात होतं. मंत्रिमंडळातला तो एकटा ज्यू, आणि असं राष्ट्रीय घर देऊ करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या बाल्फोर जाहीरनाम्याला सर्वांत कडवा विरोध त्याचा. अखेर २ नोव्हेंबर १९१७ ला जाहीरनामा निघाला तेव्हा तो भारताच्या वाटेवर होता.

त्या जाहीरनाम्याचे शब्द नीट वाचायला हवेत. ज्यू लोकांसाठी 'राष्ट्रीय घर', आणि तिथल्या 'बिगर-ज्यू समाजांच्या' नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही. हे बिगर-ज्यू समाज म्हणजे किती? १९२२ च्या ब्रिटिश शिरगणतीत पॅलेस्टाईनची लोकसंख्या ७,५७,१८२ भरली, त्यांत ज्यू ८३,७९४. दहातल्या नऊ माणसांचा उल्लेख ते काय नाहीत एवढ्यावरून केलेला, आणि त्यांच्या राजकीय हक्कांबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या शंभर वर्षांच्या भांडणाची मेख मला या एका वाक्यात दिसते.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. जेरुसलेमचे जुने प्रतिष्ठित गृहस्थ युसुफ झिया अल-खालिदी यांनी मार्च १८९९ मध्ये फ्रान्सचे प्रमुख रब्बी झादोक कान यांना पत्र लिहिलं. ते मी वर्गात वाचून दाखवत असे, कारण त्यात द्वेषाचा लवलेश नाही. ज्यूंचा त्या भूमीवरचा ऐतिहासिक हक्क ते मान्य करतात. झिओनची कल्पना स्वाभाविक आणि न्याय्य आहे असंही म्हणतात. आणि मग सांगतात की तिथे दुसरे लोक राहतात, देवासाठी पॅलेस्टाईनला शांत राहू द्या. हर्झलचं उत्तर आलं: तुमचा फायदाच होईल, जमिनींच्या किमती वाढतील. माणूस घराबद्दल बोलतोय आणि समोरचा त्याला भाव सांगतोय. हर्झलबद्दल मला आदर आहे, पण हे पत्र वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

आता राजकीय आणि धार्मिक भाषा कशी एकमेकींत मिसळत गेली ते बघा. १९३७ च्या जानेवारीत बेन-गुरियन, पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान, ब्रिटिशांच्या पील आयोगापुढे साक्ष देताना म्हणाले, आमचा मँडेट, म्हणजे अधिकारपत्र, बायबल आहे. हे बोलणारा गृहस्थ समाजवादी, शब्बाथ म्हणजे शनिवारची धार्मिक विश्रांती न पाळणारा. बायबल त्यांच्या लेखी देवाचं वचन कमी आणि राष्ट्राचा इतिहास जास्त होतं, सातबाऱ्यावरची जुनी नोंद म्हणा हवं तर. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेतही हीच ओढाताण दिसते. रब्बी फिशमन-मायमोन यांना देवाचा स्पष्ट उल्लेख हवा होता. डाव्या मापाम पक्षाचे आहरोन झिस्लिंग म्हणत की ज्या देवावर माझा विश्वास नाही त्याच्या नावाखाली सही करणार नाही. शेवटी 'इस्रायलचा खडक' असा जुना हिब्रू शब्दप्रयोग घेतला. धार्मिकाने त्याचा अर्थ देव घ्यावा, दुसऱ्याने लोकांची शक्ती घ्यावी. हक्काचा आधारही घोषणेत राजकीय भाषेतच आहे: नैसर्गिक आणि ऐतिहासिक हक्क, आणि संयुक्त राष्ट्रांचा ठराव. शुक्रवार होता, म्हणून तेल अवीवच्या संग्रहालयात दुपारी चार वाजता समारंभ उरकला, शब्बाथ लागायच्या आत. देवाचं नाव लिहिलं नाही, पण त्याची वेळ पाळली.

पॅलेस्टाईनची ज्यू आणि अरब अशा दोन राज्यांत फाळणी सुचवणारा तो ठराव २९ नोव्हेंबर १९४७ चा. ३३ बाजूने, १३ विरोधात, १० तटस्थ. भारत विरोधातल्या १३ मध्ये होता. इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, असं गांधीजींनी १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं. सावरकरांनी मात्र डिसेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं आणि भारताच्या विरोधी मतावर टीका केली. पुढे झालेल्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसं घरांना मुकली. त्यालाच ते 'नकबा' म्हणतात. त्यानंतरच्या वर्षांत इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून लाखो ज्यूंना निघावं लागलं. एका बाजूचं दुःख सांगताना दुसऱ्या बाजूचं खोडायचं, ही सवय मी वर्गात चालू दिली नाही.

खरं वळण १९६७ चं. प्रमुख रब्बी अब्राहाम कूक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक धाडसी विचार मांडला होता: हे नास्तिक शेतकरी तरुण नकळत देवाचंच काम करताहेत. तेव्हा तो बहुतेक रब्बींना पटला नाही. त्यांचे पुत्र झ्वी येहुदा कूक यांनी १९६७ च्या स्वातंत्र्यदिनी विद्यार्थ्यांसमोर आक्रोश केला की आमचं हेब्रोन कुठे आहे, आमचं शखेम कुठे आहे. तीन आठवड्यांनी युद्ध झालं आणि सहा दिवसांत हेब्रोन, शखेम म्हणजे नाब्लुस आणि जेरुसलेमचा जुना भाग इस्रायली सैन्याच्या हाती आला. विद्यार्थ्यांना ती भविष्यवाणीच वाटली. १९७४ मध्ये गुश एमुनिम ही संघटना निघाली आणि जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या (वेस्ट बँकेतल्या) ज्यू वसाहतींना धार्मिक कर्तव्याचं रूप आलं. सुरक्षेसाठी घेतलेली जमीन वाटाघाटीत परत देता येते; देवाने दिलेली कशी देणार?

याला उत्तरही धार्मिक ज्यूंमधूनच आलं. धर्म काटेकोर पाळणारे विचारवंत येशायाहू लाइबोविट्झ युद्धानंतर लगेच म्हणू लागले की परक्या लोकांवर राज्य केल्याने राष्ट्र आतून सडेल, आणि जमिनीला पवित्र मानणं ही मूर्तिपूजा आहे. रब्बी ओवादिया योसेफ यांनी १९७९ च्या सुमारास निर्णय दिला की जीव वाचणार असतील तर भूमी सोडणं धर्माला धरून आहे, कारण जीव वाचवणं जवळजवळ सगळ्या आज्ञांच्या वर. सतमार पंथाचे रब्बी योएल टाइटेलबाउम तर त्या तीन शपथांवरच शेवटपर्यंत ठाम राहिले. नाझींच्या तावडीतून थोडक्यात सुटलेला हा माणूस, आणि तो म्हणे की ज्यूंवरचा तो प्रलय शपथा मोडल्याची शिक्षा होती. हे मला मुळीच पटत नाही, वाचताना अंगावर काटा येतो. पण धार्मिक ज्यू सगळे इस्रायलच्या बाजूचेच, असं म्हणणाऱ्याला त्याची गाठ घालून द्यावीच लागते. काळे कोट घातलेल्या हरेदी, म्हणजे अतिसनातनी ज्यूंचे पक्ष आज क्नेसेटमध्ये, इस्रायलच्या संसदेत, बसतात, मंत्रिपदंही त्यांनी घेतलेली आहेत. पण राज्य म्हणजे तारणाची पहाट असं त्यांतले बरेच जण मानत नाहीत.

इतर धर्मांचं थोडक्यात. पोप दहावे पायस यांनी १९०४ मध्ये हर्झलला भेटीतच नकार दिला, ज्यूंनी ख्रिस्ताला मानलं नाही म्हणून. व्हॅटिकनने इस्रायलशी संबंध जोडले ते १९९३ च्या डिसेंबरमध्ये. उलट अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती इस्रायलचे कट्टर पाठीराखे आहेत, कारण ज्यू परतल्याशिवाय ख्रिस्ताचं पुनरागमन नाही अशी त्यांची श्रद्धा. मुसलमानांसाठी जेरुसलेमची अल-अक्सा मशीद हा पहिला किब्ला (नमाजाची दिशा) आणि पैगंबरांच्या रात्रीच्या प्रवासाचं ठिकाण. हमासच्या १९८८ च्या सनदेने तर सगळी पॅलेस्टाईन भूमी वक्फ ठरवली, म्हणजे तसूभरही सोडता येणार नाही. गुश एमुनिम आणि ती सनद शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे जमिनीचा मालक देव, आणि म्हणून माणसाला तडजोडीचा अधिकार नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. ज्यूंचं त्या भूमीशी नातं खरं आहे, जुनं आहे, आणि ते नाकारणं खोटेपणाचं आहे. त्या नात्यातून एकट्याची मालकी सिद्ध होत नाही, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाचंही नातं तेवढंच खरं. इस्रायल राज्याचा हक्क माझ्या मते १९४७-४८ च्या राजकीय आधारावर उभा आहे, आणि पॅलेस्टिनींचा राज्याचा हक्कही त्याच ठरावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. धर्मवचनावर ज्याची श्रद्धा आहे त्याने ती जरूर ठेवावी. पण जो त्या धर्माचा नाही त्याच्यावर ते वचन बंधनकारक कसं होणार?

आता कोकण. मी अलिबागला इस्राएल आळीच्या शेजारी वाढलो. पलीकडच्या घरातल्या आजी नऊवारी नेसत, सिनेगॉगला 'मशीद' म्हणत, आणि घरात शिरताना उंबऱ्याच्या उजव्या अंगाला चौकटीवर ठोकलेल्या मझुझाला (धर्मवचन ठेवलेल्या छोट्या डबीला) बोटं लावून ती ओठांना लावत. नवस फेडला की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा करत: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वर फळं. आम्हा पोरांना वाटा हमखास. अशा माणसांना कुणी हाकललं नव्हतं, हे अगदी खरं. मग का गेले? १९४८ नंतर राज्य प्रत्यक्षात आलं, तेव्हा १८९७ ला ज्याची वाट पाहत होते तो देवाचा हात हाच, असं अनेकांना वाटलं. जोडीला व्यवहार होता. रेल्वे, पोस्ट, कस्टम्समधल्या ज्या नोकऱ्यांवर समाज उभा होता त्यांची इंग्रजांच्या मागे शाश्वती उरली नव्हती. मुलांची लग्नं समाजात जुळायची तर माणसं उरायला हवीत. आणि एक भाऊ गेला की दुसरा जातोच.

तिथे काय झालं ते तुमच्या पहिल्या प्रश्नाचंच उत्तर आहे. १९५० च्या परतीच्या कायद्याने त्यांना आत घेतलं, तो राजकीय हक्क. लग्न मात्र रॅबिनेटच्या (रब्बींच्या अधिकृत मंडळाच्या) हाती, म्हणजे धर्माच्या. १९६० च्या सुमारास रॅबिनेटने बेने इस्रायलांच्या वंशशुद्धीवर शंका घेतली: शतकानुशतकं रब्बींपासून तुटलेल्या या लोकांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का? दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं तर आजी-पणजीपर्यंतची चौकशी. नागरिक पुरे, ज्यू अपुरे. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक झाली, बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं तिने जाहीर केलं, आणि महिनाअखेर रॅबिनेटला माघार घ्यावी लागली.

आजी त्याच सुमारास दिमोनाला मुलाकडे गेल्या. वाळवंटातलं गाव. जाण्याआधी आईने विचारलं होतं, तिकडे करमेल का? त्या म्हणाल्या, "रोजच्या प्रार्थनेत नाव घेतलं गं त्या जेरुसलेमचं, एकदा बघून तर येऊ." त्यांचं मोडी वळणाचं पत्र वर्षाने आलं. इथे सगळे आम्हाला हिंदी म्हणतात, असं त्यात होतं, आणि पोहे मिळत नाहीत, मलिद्यापुरते कुणाबरोबर तरी पाठवा.